कोनाड्यातला जपान

"जपानकडे बघा!"

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. शाळेत कवायतीची रांग वाकडी झाली की गुरुजी म्हणायचे. एसटी उशिरा आली की स्टँडवरचा एखादा सद्गृहस्थ म्हणायचा. बस्तीत प्रवचन सुटल्यावर चपलांचा गोंधळ झाला की आमचे एक काका हमखास म्हणायचे. पुढे नोकरीत साहेब म्हणायचे. म्हणणाऱ्यांतलं कुणी जपानला गेलेलं नसायचं आणि ऐकणाऱ्यांतलं कुणी तिकडे बघायचं नाही. वाक्य म्हणून झालं की विषय संपला. यंदाच्या चातुर्मासात मात्र मी खरोखरच जपानकडे बघत बसले, आणि तेही अणशीत बसून.

अणशी म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यातलं, सह्याद्रीच्या माथ्यावरचं लहानसं गाव. जोयड्याकडून कारवारला जाताना घाट उतरायच्या आधी लागतं. भोवती सगळं रान. 1987 साली इथलं रान राष्ट्रीय उद्यान झालं, 2007 साली दांडेलीबरोबर जोडून व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2015 पासून त्याला काळी नदीचं नाव आहे. माझा धाकटा भाऊ याच तालुक्यात मास्तर होता. नोकरी संपली, वहिनी गेली, तरी तो इथंच राहिला. मी दर वर्षी पावसाळ्यात त्याच्याकडे येऊन राहते. चातुर्मासात आम्ही प्रवास टाळतो आणि अणशीचा पाऊस तो तसाही करू देत नाही. अंगणात उतरलं की पायाला जळवा लागतात. गावातले लोक मीठ टाकून त्या पाडतात. मला ते होत नाही, म्हणून मी आपली उंबऱ्याच्या आत.

भावाच्या कपाटात जपानवरची चार पुस्तकं निघाली. पु. ल. देशपांड्यांचं 'पूर्वरंग', प्रभाकर पाध्यांचं 'तोकोनोमा', चेतना सरदेशमुख गोसावींनी अनुवाद केलेलं 'तोत्तोचान' आणि निवृत्तीच्या दिवशी कुणीतरी भेट दिलेलं 'इकिगाई'. शेजारी भाचीचा फोटो. ती नर्सिंग शिकली, मग जपानी भाषा शिकली, आणि आता तिकडे एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांना न्हाऊ-माखू घालते, भरवते, उठवते-बसवते. म्हणजे घरात जपान होताच. पुस्तकातला वेगळा आणि फोनवरचा वेगळा.

मी चारही पुस्तकं ओळीनं वाचली. मधेमधे भाचीचा फोन यायचा. रेंज आली की यायचा, नाही आली की नाही. वाचता वाचता एक प्रश्न मनात घर करून बसला. मराठीनं शंभर-सव्वाशे वर्षं जपानचं इतकं कौतुक केलं, त्यात जपान किती आणि आपण किती?

पाध्यांच्या पुस्तकाचं नावच या प्रश्नाला हात घालणारं आहे. तोकोनोमा म्हणजे जपानी बैठकीच्या खोलीतला कोनाडा. जमिनीपासून जरा उंच, त्यात एक लांबट चित्र टांगलेलं, खाली एखादं फूल. ऋतू बदलला की चित्र बदलतं. पाहुण्याला त्याच्या जवळची जागा मानाची. पण पाहुणा घर बघत नाही, कोनाडा बघतो. स्वयंपाकघर, मागची न्हाणी, आजीची खोली त्याच्या दृष्टीला पडत नाही, आणि पडू नये अशीच सगळी मांडणी असते. त्यात लबाडी काही नाही. आपल्याकडेही पाहुण्याला माजघरात कोण नेतं? पण पाहुण्यानं घरी परतून 'अख्खं घर असंच आहे' म्हणून सांगितलं, तर ती मात्र त्याची चूक.

'पूर्वरंग' 1963 सालचं. पुलं आणि सुनीताबाई आग्नेय आशिया करत जपानला पोचले, तेव्हा हिरोशिमा-नागासाकीला वीस वर्षंही झाली नव्हती. पुलंची नजर गेली ती बागांकडे, रंगभूमीकडे, चहाच्या पेल्याकडे, माणसांच्या अदबीकडे. त्यांना जे भावलं ते त्यांनी मनापासून लिहिलं. मी स्वतः त्या पुस्तकावर वाढले आहे, तेव्हा त्यांना नावं ठेवायची माझी छाती नाही. माझी तक्रार आपल्याविषयी आहे. साठ वर्षं झाली तरी आपण त्यांच्याच डोळ्यांनी बघतो. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाची रचना ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केली आहे. बाग सुरेख आहे. तिथं गेलं की लोक पुलावर उभे राहून फोटो काढतात आणि "किती स्वच्छ आहे नाही, जपानसारखं!" म्हणतात. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, तोही आपण असाच उचलला. तीन ओळी, बेडूक, पान, चंद्र. हे सगळं कोनाड्यातलं.

कोनाड्याबाहेरचा जपान मराठी माणसाला माहीत नव्हता असं नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, ते जपानच्याच आक्रमणात जखमी झालेल्यांची शुश्रूषा करायला. 9 डिसेंबर 1942 ला ते तिकडेच वारले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. शांतारामबापूंनी त्यांच्यावर सिनेमा काढला. माझी आत्या सोलापूरच्या श्राविकाश्रमात शिकली. कोटणिसांचं नाव ती घरातल्या माणसासारखं घ्यायची. पण आमच्या घरात कोटणीस आणि 'जपानकडे बघा' या दोन गोष्टी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. शिस्तीत चालणाऱ्या ज्या पायांचं गुरुजी कौतुक करत, तेच पाय चीनमध्ये काय करत होते, हे कुणी विचारलं नाही.

त्याच्याही आधी जाऊ. 1868 साली मेइजी राजवट आली, आणि दोन पिढ्यांत जपाननं रेल्वे, कारखाने, आरमार, सक्तीचं शिक्षण सगळं उभं केलं. 1905 साली रशियाला हरवलं. एका आशियाई देशानं गोऱ्यांना हरवलं म्हणून आपल्याकडे आनंदाला उधाण आलं. ते समजण्यासारखं आहे. गुलामाला शेजारच्या घरातल्या कुणी मालकाला चापट मारली तरी बरं वाटतं. पण त्या आनंदात कोरिया दिसला नाही. रशियाशी युद्ध झालं ते बव्हंशी कोरिया आणि मांचुरिया कुणाच्या हाताखाली असावा यावरून, आणि 1910 साली जपाननं कोरिया गिळला. आपण स्वातंत्र्य मागत होतो आणि दाखला देत होतो दुसऱ्याचं स्वातंत्र्य घेणाऱ्याचा.

बाईमाणूस म्हणून मला सर्वांत जवळचा धागा मात्र कर्व्यांचा. धोंडो केशव कर्व्यांच्या हाती तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली. ते विद्यापीठ नारुसे जिंझो यांनी 1901 साली काढलेलं. 1915 च्या डिसेंबरात मुंबईला सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून कर्व्यांनी तसंच विद्यापीठ आपल्याकडे हवं असं मांडलं, आणि 1916 साली ते काढूनही दाखवलं. लाखो मुली त्यातून शिकल्या. 'जपानकडे बघा' म्हणणाऱ्यांतला हा असा माणूस, ज्यानं बघितलं आणि केलं. त्यांच्यापुढे मी हात जोडते.

तरी टीका लिहायला बसले आहे तर हेही लिहिलं पाहिजे. त्या काळच्या जपानात मुलींच्या शिक्षणाचं ध्येय दोन शब्दांत सांगत, 'र्योसाई केन्बो'. चांगली पत्नी, शहाणी आई. बाईनं शिकावं, पण घरासाठी शिकावं. कर्व्यांच्या मांडणीतही बाईचा अभ्यासक्रम पुरुषापेक्षा निराळा असावा, त्यात गृहजीवनाला जागा असावी, हा विचार होताच. त्या काळात मुलींना घराबाहेर काढायचं तर हीच भाषा वापरावी लागत असेल, नाही असं नाही. पण विद्यापीठाबरोबर ती भाषाही आली, आणि ती अजून गेलेली नाही. माझ्या लग्नात मुलाकडच्यांनी माझी पदवी अशीच वाखाणली होती, "मुलांचा अभ्यास घेईल."

जपानात तरी गेली का? जागतिक आर्थिक मंचाच्या 2024 च्या स्त्री-पुरुष समानतेच्या यादीत 146 देशांत जपान 118 वा आहे. आपण 129 वे. इतक्या श्रीमंत, इतक्या शिकलेल्या देशात आणि आपल्यात एवढंच अंतर! लग्नानंतर नवरा-बायकोचं आडनाव एकच असलं पाहिजे असा तिथं कायदा आहे, आणि शंभरातल्या पंचाण्णव जोडप्यांत ते बाईच बदलते. 2015 साली आणि पुन्हा 2021 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हा कायदा घटनेला धरून आहे असा निकाल दिला. 2018 साली तोक्योतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयानं प्रवेश परीक्षेत मुलींचे गुण कमी केल्याचं उघड झालं. का, तर बायका पुढं मुलंबाळं झाल्यावर काम सोडतात म्हणून. ही बातमी वाचली तेव्हा मला 'जपानकडे बघा' म्हणणारे आमचे काका आठवले. त्यांनी आपल्या मुलीला मेडिकलला घातलं नव्हतं. कारण हेच दिलं होतं.

आता 'इकिगाई'. स्टेशनवरच्या स्टॉलपासून लग्नाच्या आहेरापर्यंत सगळीकडे दिसणारं हे पुस्तक. दोन स्पॅनिश लेखकांनी लिहिलेलं, जगभर फिरून मराठीत आलेलं. ओकिनावा बेटावरच्या ओगिमी गावातले लोक शंभरी कशी गाठतात, त्याचं गुपित त्यात आहे. कमी खा, हलतं राहा, मित्र ठेवा, कामाला अर्थ असू द्या. भाऊ म्हणाला, "अक्का, मी वाचलं सगळं. यातलं आपल्या आईनं काय सांगितलं नव्हतं?" खरंच आहे. दिवस मावळायच्या आत जेवायचं, पोटाला तड लागेपर्यंत खायचं नाही, हे सांगायला आईला ओकिनावाला जावं लागलं नाही.

पण माझा आक्षेप वेगळा आहे. ज्या म्हाताऱ्यांच्या तोंडचं शहाणपण पुस्तक विकतं, त्यांच्या आयुष्यातलं मोठं दुःख त्यात तोंडी लावण्यापुरतं येतं. ओकिनावा हे जुनं र्यूक्यू राज्य. 1879 साली जपाननं ते आपल्यात घेतलं. तिथल्या भाषा शाळेत बोलायला बंदी होती. बोललेल्या मुलाच्या गळ्यात पाटी अडकवत. 1945 च्या लढाईत तिथला साधारण चौथा हिस्सा माणूस मेला. जपानातल्या अमेरिकन लष्करी तळांचा मोठा भाग आजही त्या छोट्या बेटावर आहे. ज्या नव्वदीच्या आजीला आपण 'आनंदी राहण्याचं रहस्य' विचारतो, तिनं पंधराव्या वर्षी गुहेत लपून काय बघितलं, हे न विचारता मिळालेलं रहस्य काय कामाचं? जोयडा तालुक्यातला भाऊ म्हणून सांगते, गळ्यात पाटी अडकवायची गोष्ट ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. घरात कोकणी, शाळेत कन्नड, आणि मराठीत बोललं तरी कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यावर येणारी मुलं त्यानं आयुष्यभर शिकवली.

अशीच एक गल्लत आम्हा जैनांच्या सभांतून होते. मारी कोंदो नावाच्या बाईंनी घर कसं आवरावं ते जगाला शिकवलं. वस्तू हातात घ्या, आनंद देत असेल तर ठेवा, नाहीतर टाका. आमच्या एका वक्त्या म्हणाल्या, "हाच तो आपला अपरिग्रह!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या असतील. पण अपरिग्रहात 'आनंद देते म्हणून ठेव' असं कुठंय? जी वस्तू फार आनंद देते तिच्यापासूनच सांभाळ, असं तो सांगतो. शिवाय टाकलेली वस्तू जाते कुठं, हाही प्रश्न आहेच.

आणि कोबेचं देऊळ. जपानमधल्या कोबे शहरात 1985 साली पांढऱ्या संगमरवराचं जैन मंदिर झालं. तिथल्या हिऱ्या-मोत्यांच्या व्यापारातल्या आपल्याच लोकांनी बांधलेलं. त्याचा फोटो आमच्या मासिकांतून दिसला की ऊर भरून येतो. माझाही आला. मग एकदा भाचीनं मोती कसे पिकवतात ते सांगितलं. जिवंत शिंपला फाकवायचा, आतलं मांस कापून त्यात मणी बसवायचा, पुन्हा समुद्रात टांगायचा, आणि दीड-दोन वर्षांनी काढून मोत्यासाठी तो फोडायचा. आम्ही पाणी गाळून पितो ते पाण्यातल्या जिवाला धक्का लागू नये म्हणून. ज्या व्यापाऱ्यांनी मंदिर बांधलं त्यांच्या श्रद्धेवर मी शंका घेत नाही. माझ्या स्वतःच्या कपाटात रेशमी शालू आहे, आणि त्यासाठी किडे उकळावे लागले हे मला ठाऊक आहे. तेव्हा दुसऱ्याकडे बोट दाखवायचं कारण नाही. पण मंदिराचा फोटो छापायचा आणि शिंपल्याचा शब्द काढायचा नाही, हाही कोनाडाच झाला.

आता मी अणशीत बसून जे बघितलं ते सांगते.

जपानची जमीन दोन तृतीयांश जंगलाखाली आहे. बुलेट ट्रेनच्या चित्रात हे दिसत नाही. डोंगर, रान, मधे खाचरं, खाचराकाठी आठ-दहा घरं. भाची म्हणते, "आत्या, गाडीतून बघितलं की डिट्टो आपला जोयडा." पण ती घरं रिकामी होत चाललीत. 2008 साली जपानची लोकसंख्या 12 कोटी 80 लाखांवर पोचली, आणि तिथून उतरायला लागली. आज शंभरात 29 माणसं पासष्टीच्या पुढची आहेत. 2024 साली जेमतेम 6 लाख 86 हजार मुलं जन्मली. 2023 च्या गणतीत देशभर 90 लाख घरं रिकामी निघाली. ज्या गावात निम्म्याहून जास्त माणसं म्हातारी आहेत त्याला समाजशास्त्रज्ञांनी नावच दिलंय, 'गेन्काई शूराकू', काठावर आलेलं गाव. शिकोकू बेटावरच्या नागोरो गावात त्सुकिमी आयानो नावाच्या बाईंनी गेलेल्या एकेका माणसामागे एक बुजगावणं करून ठेवलं. बसस्टॉपवर बुजगावणी, बांधावर बुजगावणी, बंद पडलेल्या शाळेत मास्तर आणि पोरं, तीही बुजगावणीच. त्याचे फोटो मी भावाला दाखवले. तो मास्तर. त्यानं मोबाइल उलटा करून ठेवला.

माणूस मागे सरला की रान पुढं येतं. पूर्वी गाव आणि घनदाट रान यांच्यामध्ये एक पट्टा असायचा. लोक तिथून लाकूडफाटा, पाला, कंद आणायचे. जपानीत त्याला 'सातोयामा' म्हणतात. तो पट्टा राबता राहिला नाही, तशी अस्वलं गावात उतरायला लागली. एप्रिल 2023 ते मार्च 2024 या एका वर्षात 219 माणसांवर अस्वलांनी हल्ले केले, सहा दगावली. युद्धानंतर डोंगरच्या डोंगर एकाच जातीच्या सुगी झाडांनी भरून टाकले होते. आता लाकडाला गिऱ्हाईक नाही, आणि दर वसंतात त्याच्या परागकणांनी अख्खा देश शिंकतो.

अणशीची गोष्ट उलट्या बाजूनं तीच आहे. इथं आधी सुपा धरण आलं. जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं, लोक रामनगरला वसवले. मग उद्यान, मग व्याघ्र प्रकल्प. रानातल्या घरानं स्वखुशीनं उठायचं ठरवलं तर कुटुंबामागे आधी 10 लाख मिळायचे, 2021 पासून 15 लाख. वाघाला जागा हवी, यात मला शंका नाही. जीवदयेचा धर्म पाळणारी बाई वाघाविरुद्ध कशी बोलेल? पण 'स्वखुशी' या शब्दाविषयी शंका आहे. शाळा लांब, दवाखाना लांब, एसटी एखाददुसरी, रस्ता करायचा तर परवानगी नाही. अशा ठिकाणी पंधरा लाख पुढं केले की माणूस खुशीनं उठतो की थकून, हे कोण ठरवणार? इथले कुणबी पिढ्यान्‌पिढ्या रानातल्या पट्ट्यात कंद लावत आले. त्यांचा तो सातोयामाच. कंद मी खात नाही. पण कंद लावणारा रान राखतो, हे अणशीनं मला शिकवलं. शास्त्र वाचून हे कळलं नसतं.

आणि घाट उतरलं की कद्रा. तिथून जवळ कैगाची अणुभट्टी.

11 मार्च 2011 ला जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप झाला, मागोमाग समुद्र आत आला आणि फुकुशिमाच्या भट्ट्या बिघडल्या. दीड लाखावर माणसं घरदार सोडून निघाली. पुढच्या वर्षी तिथल्या संसदेनं नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल आला. अध्यक्ष होते कियोशी कुरोकावा. त्यांनी लिहिलं ते थोडक्यात असं, की हे संकट निसर्गानं आणलेलं नाही, माणसानं आणलेलं आहे. वरच्याचा शब्द न तपासता मानायचा, अधिकाऱ्याला प्रश्न विचारायचा नाही, ठरल्याला चिकटून राहायचं, गटाच्या बाहेर पडायचं नाही, या आपल्या मुरलेल्या सवयींत त्याची मुळं आहेत. तिकडच्या काही जाणकारांना हे पटलं नाही. संस्कृतीवर ढकललं की जबाबदार माणसं सुटतात, असं ते म्हणाले. तेही बरोबर आहे. पण मी अहवालातला हा भाग वाचला आणि पुस्तक मिटून पावसाकडे बघत बसले. ही यादी ओळखीची होती. आमचे गुरुजी, आमचे साहेब, आमचे काका, सगळे ज्याला 'शिस्त' म्हणत होते ती हीच. रांगेत उभं राहा, विचारू नका, वरच्यांना कळतं. जपानकडे बघा!

कैगाला समुद्राची लाट येणार नाही. ते किनाऱ्यापासून आत, डोंगरात आहे. वीज लागते, ती मी इथं बसून वापरते. कैगाच्या पहिल्या भट्टीनं 2018 साली 962 दिवस न थांबता चालायचा विक्रम केला, हेही खरं. आणि 13 मे 1994 ला बांधकाम चालू असताना तिथल्याच घुमटाचा आतला भाग कोसळला होता, हेही खरं. शिवराम कारंतांनी सत्त्याऐंशी वर्षांच्या वयात, 1989 साली, या भट्टीच्या विरोधात लोकसभेची निवडणूक लढवली आणि हरले. त्यांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण एक म्हातारा लेखक रांगेतून बाहेर येऊन प्रश्न विचारत होता. फुकुशिमात असे चार जण ऐकले गेले असते तर बरं झालं असतं.

म्हणून माझं म्हणणं इतकंच. जपान वाईट आहे असं सांगायला मी हे लिहिलेलं नाही. तिथल्या गाड्या वेळेवर येतात ते चांगलंच आहे. मुलं स्वतःचा वर्ग झाडतात ते फारच चांगलं आहे. 'तोत्तोचान' वाचताना आजही माझे डोळे भरून येतात. आगगाडीच्या डब्यात शाळा भरवणारे कोबायाशी गुरुजी मुलांच्या डब्यात 'थोडं समुद्रातलं, थोडं डोंगरातलं' मागायचे. पण ते गुरुजी कसले होते? साऱ्या देशात एका तालावर कवायत चालू होती तेव्हा दर मुलाला ज्याच्या त्याच्या आवडीच्या विषयानं दिवस सुरू करू देणारे. शाळेतून काढून टाकलेल्या पोरीचं तासन्‌तास ऐकून घेणारे. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात ती शाळा जळाली. आपण जपानकडून घ्यायचं तर हा माणूस घ्यावा. आणि मराठी शाळाशाळांत हे पुस्तक वाटूनसुद्धा आपण घेतली ती कवायत.

मराठी माणूस आता तिकडे पाहुणा राहिलेला नाही. 2019 साली योगेंद्र पुराणिक तोक्योच्या एदोगावा भागात नगरसेवक म्हणून निवडून आले. कोनाडा बघून परतणाऱ्याचं हे काम नव्हे, त्या घरच्या पाण्याचं, शाळेचं, कचऱ्याचं बघणाऱ्याचं आहे. माझ्या भाचीसारख्या मुली तर थेट आजीच्या खोलीतच गेल्यात. 2024 साली जपानात 76,020 माणसं घरात एकटी असताना मेली. त्यांतली तीन चतुर्थांशांहून जास्त म्हातारी होती. तो आकडा भाचीला माझ्याकडून कळला, पण त्यामागची माणसं तिला ठाऊक आहेत. कुणाला कसा चहा लागतो, कोण रात्री आईला हाक मारतं, सगळं. जपानवरचं पुढचं मराठी पुस्तक अशा एखाद्या मुलीनं लिहावं. त्यात बाग नसली तरी चालेल.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी शेजारची कुणबी बाई परडीभर कंद घेऊन आली. मला म्हणाली, "तुम्ही खायचं नाही, ठाऊक आहे. मास्तरांना आणलेत." भावानं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. आईच्या हाताखाली वाढलेला माझा भाऊ या गावात एकट्यानं राहतो. त्याच्या दारात रोज कुणीतरी येतं, हाक मारतं, काही ठेवून जातं. ते त्यानं परत करायचं का?

तेवढ्यात फोन वाजला. तिकडे दुपार झाली होती. भाचीला पाचच मिनिटं होती, एका आजोबांना न्हाऊ घालायचं होतं. "बाबा, जेवण झालं का? काय केलंत?"

"भात, आणि..." भाऊ अडखळला.

"शेजारच्या काकूंनी दिलंय," मी मागून म्हणाले. "जेवेल तो. तू तुझं काम कर."